टवके ग्रिटमुळे नाही, आपटण्यामुळे उडतात

भाऊ, टंबलरमध्ये (दगड, पाणी आणि ग्रिट म्हणजे घासायची कणीदार पूड ड्रममध्ये फिरवून दगड गुळगुळीत करणारं मशीन) दगडांचे टवके उडाले, हा तुमचा किस्सा वाचून माझं जुनं दुखणं आठवलं. मीही फ्लुओराइट, मूनस्टोन आणि अकीक एकाच ड्रममध्ये टाकले होते, सात दिवस भरड ग्रिटवर. अकीक मस्त गोल झाले, मूनस्टोनच्या कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या आणि फ्लुओराइटचा निम्मा चुरा. आता तुम्ही विचारताय, ग्रिट कोणतं बदलू? ग्रिट बदलून काही होणार नाही. ग्रिट घासतं, टवका उडतो तो दगड दगडावर पडल्यामुळे.

आधी या दगडांची सोबत तोडा, वेगवेगळे फिरवा. मोह्सच्या मापात, म्हणजे कठीणपणाच्या 1 ते 10 च्या मापात, फ्लुओराइट 4, मूनस्टोन 6 ते 6.5, अकीक 7 च्या जवळ. त्यात कठीणपणा ही अर्धीच गोष्ट. फ्लुओराइट चार दिशांना सरळ सपाट फुटतो, मूनस्टोन दोन दिशांना, जवळजवळ काटकोनात. भूशास्त्राच्या पुस्तकात याला पाटन म्हणतात. अकीकाला पाटनच नाही, म्हणून तो मार खाऊनही हसत बाहेर येतो. आपल्या भंडाऱ्याकडचा कायनाइट तर लांबीच्या दिशेनं साडेचार-पाच आणि आडवा साडेसहा-सात! असला दगड टंबलरमध्ये टाकूच नये, असं माझं मत आहे.

आता ड्रम. तुम्ही अर्धा भरला होता, तिथेच चुकलं. अर्ध्या ड्रममध्ये दगड वर चढतात आणि थेट खाली कोसळतात. पाऊण भरला की ते एकमेकांवरून घसरतात. दगड कमी असतील तर जागा सिरॅमिकच्या बारीक तुकड्यांनी भरा, त्यात मूठभर प्लास्टिकचे दाणे टाका. पाणी वरच्या थराच्या जरा खाली राहू द्या. मग कान लावा. तांदूळ पाखडल्यासारखी खसखस हवी. खडखड आली की मशीन बंद करून भरणा वाढवायचा. माझा पहिला ड्रम पीव्हीसी पाइपचा होता. आतून ट्रकची जुनी ट्यूब चिकटवली, तेव्हा कुठे टवके कमी झाले आणि घरच्यांचीही झोप झाली. पुली बदलून वेग कमी करता आला तर तेही करा.

मूनस्टोनला 60/90 चं भरड ग्रिट देऊ नका (आकडा मोठा तितकं ग्रिट बारीक). फार ओबडधोबड नसेल तर 120/220 पासून सुरुवात, मग 500, मग पॉलिश. प्रत्येक टप्प्याचे प्लास्टिकचे दाणे वेगळ्या डब्यात ठेवा. त्यात रुतलेला एक भरड कण पॉलिशची वाट लावतो. पॉलिशच्या पाण्यात दोन चमचे साखर टाकली की पाणी दाट होतं आणि दगड हळू पडतात. मुंग्यांचा बंदोबस्त तुमचा तुम्ही बघा. दर टप्प्याला दगड हातात घेऊन नखानं चीर तपासा. चीर गेलेला दगड बाजूला काढायचा, दया दाखवायची नाही. तो आत फुटला की त्याच्या धारदार कपच्या बाकीच्यांना ओरखडे पाडतात.

आणि नागपुरात राहून पाणी किती गरम आहे याकडे दुर्लक्ष नको बाप्पा. एका मे महिन्यात माझे फ्लुओराइटचे आठ तुकडे कूलरच्या खोलीत, माठातल्या पाण्यात भिजत होते. दुपारी दोनला ते धुवायला नळाखाली धरले. गच्चीवरच्या टाकीचं पाणी, हाताला चटका बसत होता, तरी धरले. बारीकसा टक् आवाज आला आणि त्यातला सगळ्यात सुंदर जांभळा तुकडा सरळ रेषेत दुभंगला. फुटलेली बाजू आरशासारखी गुळगुळीत, मी महिनाभर घासूनही तशी झाली नसती. तेव्हापासून धुवायचं पाणी आदल्या रात्रीच बादलीत भरून दगडांशेजारी ठेवतो. ऑब्सिडियन (ज्वालामुखीची काच) आणि ओपलसाठीही हेच.

ड्रमातला गाळ मोरीत ओतू नका, सिमेंटसारखा बसतो. माझा तर प्लंबरचाही खर्च झाला.

राहिलेला फ्लुओराइट हातानेच करा. ओल्या पॉलिश पेपरवर 600, 1000, 2000, आणि शेवटी ओल्या नमद्यावर (दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडावर) सेरियम ऑक्साइड ही पॉलिशची पूड. पेपर कोरडा पडू द्यायचा नाही, धूळ छातीत जाते. एका तुकड्याला माझी एक संध्याकाळ जाते. चार तुकडे उरले असतील तर चार संध्याकाळी, आणि त्याला घाई चालत नाही.