'विषाणुजन्य' कर्करोगात जिवाणू कुठून आले?

नागपूरच्या महाल भागातल्या एका ताईंनी विचारलंय: "'गर्भाशयमुखाच्या विषाणूजन्य कर्करोगात जिवाणूंचाही सहभाग' असं वाक्य वाचलं. विषाणू आणि जिवाणू एकच ना? मग घोळ लिहिणाऱ्याचा की माझा?"

ताई, घोळ आपल्या 'जंतू' या शब्दाचा आहे. नागपुरात ताप आला तरी जंतू, जखम चिघळली तरी जंतू. माझी मावशी तपासून आली नि म्हणाली, "पिशवीच्या तोंडाशी जंतू झाले म्हणते डॉक्टरीण." कोणते, हे तिनं विचारलं नाही. (लॅटिनमध्ये गर्भाशयमुखाला 'मान' म्हणतात, म्हणून काही पुस्तकांत 'ग्रीवा' दिसतं. मावशीचं 'तोंड' मात्र सरळ 'मुखा'शी जुळतं.)

लॅटिन 'व्हायरस' म्हणजे विष. त्यावरून विष + अणू. 'बॅक्टेरियम'चा मूळ ग्रीक अर्थ छोटी काठी. मराठीनं ती काठी टाकून 'जीव' घेतला, आणि बरं केलं. जिवाणू आपलं आपण खातो, वाढतो, एकाचे दोन होतो. विषाणूला परक्या पेशीत शिरल्याशिवाय यातलं काहीच जमत नाही.

आता 'जन्य'. हा कर्करोग जवळपास नेहमी मानवी पॅपिलोमा विषाणू अंगात वर्षानुवर्षं रेंगाळल्यानं होतो. त्याचे १६ आणि १८ हे दोन प्रकारच सुमारे ७० टक्के रुग्णांत कारण ठरतात. हा संबंध शोधल्याबद्दल हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. तेव्हा 'विषाणुजन्य' अगदी बरोबर, फक्त समासात 'णु' ऱ्हस्व लिहावा. 'जिवाणुजन्य' इथे चालणार नाही. जठराच्या कर्करोगाबद्दल बोलताना तो शब्द शोभेल, कारण तिथे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू खरोखरच कारणांपैकी एक आहे.

मग इथे जिवाणू करतात काय? निरोगी योनीत बहुधा लॅक्टोबॅसिलस जिवाणूंचं राज्य असतं. दह्याच्या विरजणातल्या जिवाणूंचे हे भाऊबंद. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि पीएच (आंबटपणाचं माप; आकडा कमी तितकं जास्त आंबट) ४.५ च्या खाली ठेवतात. त्या आंबटपणात इतरांना थारा मिळत नाही. विरजण बिघडलं की दह्याला तार सुटते, तसं इथलं बिघडलं की गार्डनेरेलासारखे दुसरे माजतात. एरवी बहुतेकींच्या अंगातून हा विषाणू वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातो. असं बिघडलेलं असलं तर तो रेंगाळण्याचं प्रमाण जास्त आढळतं. (दही खाऊन हा कर्करोग टळतो, असा अर्थ कृपा करून काढू नका.) आधी जिवाणू बिघडतात की विषाणूच त्यांना बिघडवतो, यावर संशोधकांचा खल अजून चालू आहे.

म्हणून मला 'सहभाग' खटकतो. दरोड्याच्या बातमीतला वाटतो. 'हातभार' तर आपण लग्नकार्याला लावतो. मी लिहिलं असतं: जिवाणूंचं बिघडलेलं संतुलन विषाणूच्या पथ्यावर पडतं.