रूबलच्या नोटांवरील शहरे आणि खरेपणाच्या खुणा

प्रश्न : रशियाच्या नोटांवर नेत्यांऐवजी शहरे का दिसतात? खरी नोट कशी ओळखावी?

उत्तर : सोव्हिएत काळातील अनेक नोटांवर लेनिन यांचे चित्र असे, मात्र 1 जानेवारी 1998 रोजी एक हजार जुन्या रूबलांचा एक नवा रूबल झाला, तेव्हा चलनात आलेल्या नोटांसाठी शहरांचा विषय घेण्यात आला. दहाच्या नोटेवर क्रास्नोयार्स्क, शंभरच्या नोटेवर मॉस्कोचे बोल्शोय नाट्यगृह आणि नंतर आलेल्या पाच हजारांच्या नोटेवर खबारोव्स्क आहे. माणसे अजिबात नाहीत असे नव्हे. पाचशेच्या नोटेवर पीटर द ग्रेट दिसतात, पण पुतळ्याच्या रूपात, आणि ही योजना मला फार सुंदर वाटते.

खरेपणासाठी हजाराची नोट उजेडासमोर धरावी : बारीक छिद्रांच्या ठिपक्यांनी लिहिलेला 1000 हा आकडा उजळून दिसतो, मात्र त्या जागी बोट फिरवल्यास खरखरीतपणा जाणवता कामा नये, कारण सुईने टोचलेल्या बनावट छिद्रांचा खडबडीतपणा लगेच कळतो. याउलट ‘बँक ऑफ रशियाची नोट’ या अर्थाची रशियन अक्षरे बोटाला उंचवट्यासारखी लागतात. जलचिन्ह आणि सुरक्षा धागा आपल्या नोटांप्रमाणेच तपासावा.