‘टू मेनी क्लायंट्स’ आलं म्हणून मॅक्स-कनेक्शन्स वाढवू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फ्लास्क (पायथॉनचं वेब फ्रेमवर्क), एसक्यूएलअल्केमी (डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी) आणि पोस्टग्रेस डेटाबेसवरचं छोटं ॲप, गनिकॉर्न या वेब सर्व्हरचे ४ वर्कर (ॲपच्या वेगवेगळ्या प्रोसेस), पूलची (उघडी कनेक्शन्स राखून पुन्हा वापरायच्या सोयीची) सेटिंग डीफॉल्ट. तास-दोन तासांनी ‘सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी’ येतं आणि रीस्टार्ट केलं की थांबतं. पोस्टग्रेसची कनेक्शन-मर्यादा, म्हणजे मॅक्स-कनेक्शन्स, १०० वरून ५०० करू का?

नको. आधी हा एरर कोण देतंय ते बघा. तो पोस्टग्रेसचा आहे, पूलचा नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे. डीफॉल्ट पूल ५ कनेक्शन्स धरून ठेवतो, गरज पडली तर वर १० उघडतो. म्हणजे एका इंजिनाची (पूल सांभाळणाऱ्या एसक्यूएलअल्केमीच्या ऑब्जेक्टची) मजल १५ पर्यंत. प्रत्येक वर्करचा पूल स्वतंत्र, म्हणून ४ × १५ = ६०. पोस्टग्रेसच्या १०० पैकी ३ सुपरयूजरसाठी राखीव, उरतात ९७, म्हणजे ६० ने ते भरायला नकोत. तुम्ही कनेक्शन नुसतं परत करायला विसरत असता, तर पंधराही अडकल्यावर पूलनेच ३० सेकंद वाट पाहून टाइमआउट दिला असता. तेव्हा त्याच डेटाबेसवर दुसरं काही चालत नसेल, तर एका वर्करमध्ये एकाहून जास्त इंजिनं तयार होतायत.

कोडमध्ये ‘क्रिएट-इंजिन’ शोधा. बहुतेक ते ‘गेट-डीबी’सारख्या फंक्शनच्या आत सापडेल. दर रिक्वेस्टला नवं इंजिन, म्हणजे नवा पूल. जुन्यातली कनेक्शन्स पायथॉनचा गार्बेज कलेक्टर फिरकेपर्यंत तशीच उघडी. ती ओळ मॉड्यूलच्या पातळीवर आणा, प्रोसेसमागे एकच इंजिन ठेवा. फक्त गनिकॉर्नला ‘प्रीलोड’ (वर्कर बनवण्याआधीच ॲप लोड करणं) लावलं असेल तर सांभाळा: फोर्कच्या, म्हणजे वर्कर वेगळे होण्याच्या, आधी उघडलेलं कनेक्शन सगळ्या वर्करांच्या वाट्याला येतं आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला मिळायला लागतं. फोर्कनंतर चालणाऱ्या पोस्ट-फोर्क हुकमध्ये ‘इंजिन-डिस्पोज’ला ‘क्लोज’ फॉल्स देऊन बोलवा.

बदलाआधी आणि नंतर पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटीमधल्या (पोस्टग्रेसच्या चालू कनेक्शन्सच्या यादीतल्या) ओळी ‘स्टेट’नुसार मोजा. नुसत्या ‘आयडल’चा ढीग असेल तर वरचंच कारण. ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ (ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून रिकामं बसलेलं कनेक्शन) दिसलं तर मात्र रोग वेगळा. साधं सिलेक्टसुद्धा ट्रान्झॅक्शन उघडतं, आणि सेशन तसंच ठेवून कोड ईमेल पाठवायला किंवा बाहेरच्या एपीआयला हाक मारायला गेला, की तेवढा वेळ कनेक्शन अडकून पडतं. बाहेरच्या कॉलआधी कमिट करा. बॅकग्राउंड थ्रेडमधलं सेशन ‘विथ’मध्येच उघडा, फ्लास्कची रिक्वेस्ट संपतानाची साफसफाई तिथे पोचत नाही. शिवाय ‘आयडल-इन-ट्रान्झॅक्शन-सेशन-टाइमआउट’ ६० सेकंद ठेवा. तो मुळात बंद असतो.

५०० का नको? पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शन म्हणजे सर्व्हरवर एक वेगळी प्रोसेस. वर्क-मेमचे (क्वेरीला कामासाठी मिळणाऱ्या मेमरीचे) डीफॉल्ट ४ एमबीही कनेक्शनमागे नसतात, तर क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्टमागे किंवा हॅशमागे. शंभरेक क्वेऱ्या एकदम चालल्या की छोट्या मशीनची दमछाक होते. आणि गळती राहिलीच, तर ५०० सुद्धा भरतील. फक्त जरा उशिरा.

एवढ्या ॲपला वर्करमागे पूल ५ आणि ओव्हरफ्लो (वरची जादा कनेक्शन्स) २ पुष्कळ झाले: २८. डिप्लॉय करताना जुने-नवे वर्कर थोडा वेळ एकत्र असतात, तेव्हा ५६. वर मायग्रेशन-स्क्रिप्टा आणि पीएसक्यूएलसाठी (पोस्टग्रेसच्या कमांड-लाइनसाठी) जागा उरते. ‘पूल-प्री-पिंग’ चालू करा, म्हणजे डेटाबेस रीस्टार्ट झाल्यावर मेलेलं कनेक्शन रिक्वेस्टच्या गळ्यात पडणार नाही. पीजीबाउन्सरची (ॲप आणि पोस्टग्रेसच्या मध्ये बसणाऱ्या वेगळ्या पूलची) गरज ॲपच्या बऱ्याच प्रती चालवायला लागलात तर, आत्ता नाही.