प्रोग्राम पाठ करून आलेली मुलं प्रॅक्टिकलमध्ये कशी ओळखायची?

पहिल्या वर्षाची मुलं सी या प्रोग्रामिंग भाषेतले प्रोग्राम पाठ करून प्रॅक्टिकल पास होतात, मग परीक्षा घ्यायची कशी, हा तुमचा प्रश्न. नवा प्रोग्राम लिहायला लावण्यापेक्षा चालू प्रोग्राम बदलायला लावा.

समजा, लीप वर्षाचा प्रोग्राम दिलाय. बरेच जण ४ ने भाग जातो का एवढंच बघतात, २०२४ टाकतात आणि 'सर, झालं' म्हणतात. तुम्ही १९०० टाकायला सांगा. १०० ने भाग जातो, पण ४०० ने जात नाही, म्हणून ते लीप वर्ष नाही. प्रोग्राम मात्र 'लीप' म्हणून मोकळा होतो. आता दहा मिनिटं द्या आणि मागे उभं राहून नुसतं बघा. अट कुठे घालायची याचा विचार कोण करतोय आणि शेजारच्या स्क्रीनवर कोणाचा डोळा आहे, लगेच कळतं. दुरुस्तीनंतर २००० टाकायला विसरू नका. घाईत १०० वाली अट घातली की ४०० वाली राहून जाते.

लॅबमध्ये एक पथ्य पाळा: मुलाच्या कीबोर्डला हात लावू नका. एरर आली की कंपायलरचा (प्रोग्राम मशीनच्या भाषेत बदलणाऱ्या सॉफ्टवेअरचा) पहिला मेसेज त्यालाच मोठ्याने वाचायला लावा. खालचे बरेचसे त्या एकाच चुकीतून आलेले असतात.

ऑटोग्रेडर, म्हणजे प्रोग्राम आपोआप तपासून मार्क देणारं सॉफ्टवेअर, मोठ्या वर्गाला सोयीचा, पण एक स्पेस जास्त पडली म्हणून शून्य देणारा नको. आणि जर्नलचे मार्क कमीच ठेवा. जर्नल उतरवून काढणं हा आपल्याकडचा जुना कुटिरोद्योग आहे.