हरभऱ्याचे फ्रेंच, शेंगदाण्याचे इंग्रज

सांगलीहून एका आईंचं पत्र आलंय. मुलगा बारावी सायन्सला. एका कॉम्प्युटर गेमपायी त्याला 1759 च्या क्वेबेकच्या लढाईनं झपाटलंय. त्या लिहितात, "जेवताना ताटाशेजारी हरभरे मांडले की ते फ्रेंच, शेंगदाणे मांडले की ते इंग्रज. म्हणतो, कॅनडाला जाऊन हाच इतिहास शिकणार. हे चिडतात की घरात पानिपतावरचं एक पुस्तक कुणी उघडलं नाही आणि याला कॅनडाच्या लढाया सुचतायत! एजंट म्हणतो, बी.ए.लाच पाठवा, कर्जाचं आम्ही बघतो. काय करू?"

ताई, कर्जाच्या कागदावर सही करू नका. उत्तराचा घाईचा भाग एवढाच. बाकीचं निवांत वाचा, आणि चिरंजीवांनाही वाचायला द्या.

आधी त्याच्या बाजूनं बोलतो. विषय फालतू नाही. 13 सप्टेंबर 1759 च्या पहाटे इंग्रज शिपाई होड्यांतून सेंट लॉरेन्स नदीच्या काठाला लागले, कडा चढले आणि उजाडताना क्वेबेकच्या तटाबाहेरच्या माळावर उभे राहिले. दोन्हीकडे चार-साडेचार हजार माणसं. फ्रेंच सेनापती मोंकाल्मनं आपल्याच बोगनव्हिल या अधिकाऱ्याच्या तुकडीची वाट न पाहता चाल केली. इंग्रज गप्प उभे राहिले, सुमारे 40 यार्डांवर आल्यावर त्यांनी बार काढले, आणि पाव तासात फ्रेंचांचा खेळ आटोपला. इंग्रज सेनापती वुल्फ, वय 32, मैदानातच गेला. मोंकाल्म दुसऱ्या दिवशी सकाळी. गेममध्ये हे सगळं असणारच.

आता गेममध्ये बहुधा नसलेलं सांगतो. अंधारात होड्या चालल्या असताना काठावरच्या फ्रेंच पहारेकऱ्यानं हटकलं. इंग्रजांकडच्या एका स्कॉटिश अधिकाऱ्यानं फ्रेंचमध्ये उत्तर दिलं. त्या रात्री वरच्या अंगानं धान्याच्या होड्या यायच्या होत्या. तो बेत रद्द झालेला पहारेकऱ्यांपर्यंत पोचलाच नव्हता. त्यांना वाटलं, आपलंच धान्य. होड्या सोडल्या. म्हणजे लढाईच्या मुळाशी काय निघालं? एक भाषा आणि एक धान्याचा हिशेब. मला तर त्या कडा चढण्यापेक्षा हेच जास्त रंगतदार वाटतं. आणि इतिहासकाराचा व्यवसायही असाच आहे बघा. पाव तासाची लढाई, आणि तिच्यासाठी वर्षानुवर्षं पगारपत्रकं, कोठाराच्या याद्या, पत्रव्यवहार उपसायचा. तेही अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या वळणदार फ्रेंच हस्ताक्षरात.

म्हणून परीक्षा सोपी ठेवू. "डिक्शनरी ऑफ कॅनेडियन बायोग्राफी" हा चरित्रकोश इंटरनेटवर फुकट आहे, इंग्रजीत आणि फ्रेंचमध्येही. त्यातली मोंकाल्मची नोंद त्यानं आधी इंग्रजीत वाचावी, मग कोश घेऊन फ्रेंचमध्ये. नंतर फ्रान्स्वा बिगोची. हा कॅनडातल्या फ्रेंच वसाहतीचा कारभारी; सैन्याच्या रसदीत हात मारला म्हणून पुढे पॅरिसच्या बास्तील तुरुंगात गेला. बिगो वाचताना पोरगं जांभया द्यायला लागलं, तर हा छंद आहे, करिअर नव्हे. छंद वाईट नसतो. इंजिनिअर होऊनही तो जपता येईल. पण बिगोच्या हिशेबात रात्र सरली, तर पुढचं वाचा.

बारावी नीट होऊ दे. दांड्या बंद, हे मी सांगितलं म्हणून सांगा. मग बी.ए. इतिहास, इथंच, पुण्यात किंवा कोल्हापुरात. सोबत फ्रेंच. पुण्यात आलियान्स फ्रान्सेझ आहे, विद्यापीठाचं रानडे इन्स्टिट्यूट आहे. दोन-तीन वर्षं चिकाटी धरली तर बी-टू, म्हणजे सफाईनं वाचता-बोलता येण्याची पातळी गाठता येते, आणि या विषयात तीच खरी पदवी. कॅनडाचा विचार एम.ए.च्या वेळी. लावाल विद्यापीठ त्याच क्वेबेक शहरात आहे पण तिथं शिकवणं फ्रेंचमध्ये. मॉन्ट्रियलच्या मॅकगिलमध्ये इंग्रजीत. तिकडे बी.ए.ची परदेशी फी घरातून जाते. पीएच.डी.ला बहुतेक ठिकाणी शिष्यवृत्ती किंवा शिकवण्याचं काम मिळतं. एजंट हा फरक सांगत नाही.

नोकरीचं गोड बोलणार नाही. प्राध्यापकीच्या जागा तिथंही मोजक्या आहेत. पार्क्स कॅनडा (राष्ट्रीय उद्यानं आणि ऐतिहासिक स्थळं सांभाळणारं खातं) किंवा युद्ध संग्रहालय अशा सरकारी ठिकाणी नागरिकांना आणि कायम रहिवाशांना आधी घेतात. पण काम कसलं चालतं ते ऐका. लुईबर्ग हा फ्रेंचांचा समुद्रकाठचा किल्ला इंग्रजांनी 1758 मध्ये जिंकला आणि मग सुरुंग लावून त्याचा तट उडवला. 1961 पासून सरकारनं त्याचा एक भाग जुन्या नकाशांवरून आणि बांधकामाच्या कागदांवरून पुन्हा उभा केला. काम कुणी केलं? खाणी बंद पडून घरी बसलेल्या कोळसा कामगारांनी, गवंडीकाम शिकून. कागद वाचणारा आणि दगड लावणारा, दोघांनाही त्यावर पगार मिळाला.

आता "आपलं सोडून कॅनडाचं काय" या यजमानांच्या प्रश्नाकडे येतो. हाच लुईबर्ग अमेरिकेतल्या इंग्रजी वसाहतवाल्यांनी 1745 मध्ये एकदा घेतला होता. 1748 च्या तहात तो फ्रेंचांना परत गेला आणि बदल्यात फ्रेंचांनी इंग्रजांना काय परत दिलं? मद्रास. पुढे क्वेबेक ज्या युद्धात पडलं, त्याच युद्धासाठी 1758 मध्ये हिंदुस्थानातला फ्रेंच सेनापती लाली यानं आपला सरदार बुसी याला दख्खनमधून बोलावून घेतलं. बुसीच्या तालमीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी मग निजामाकडे आणि तिथून मराठ्यांकडे आला. पानिपत 14 जानेवारी 1761 ला. त्याच आठवड्यात इंग्रजांनी पाँडिचेरी घेतलं. म्हणजे हरभरे-शेंगदाणे सांगलीच्या ताटाशेजारीच मांडले होते म्हणायचे!

तेव्हा फ्रेंचबरोबर मोडीही शिकू दे. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. फ्रेंच हस्ताक्षर आणि मोडी दोन्ही वाचणारी माणसं फारशी नाहीत, आणि कॅनडातल्या प्रोफेसरांना अर्ज करताना हा पोरगा तिथल्या पोरांहून वेगळा दिसेल तो यामुळेच. काहीच जमलं नाही तरी इतिहासात नेट-सेट, अभिलेखागार, संग्रहालयं, स्पर्धा परीक्षा हे रस्ते इथं उघडे राहतात.

पुढचं पत्र मात्र तुम्ही लिहू नका, त्यानं लिहावं. 1760 च्या एप्रिलमध्ये फ्रेंचांनी त्याच शहराबाहेर सेंट-फॉयची लढाई जिंकली, तरी क्वेबेक परत मिळालं नाही. बर्फ वितळल्यावर नदीत पहिली जहाजं इंग्रजांची आली. त्या हिवाळ्यात शहरातल्या इंग्रज शिपायांनी काय खाल्लं आणि किती जण आजारी पडले, हे त्यानं बारावीची परीक्षा झाल्यावर शोधावं आणि कुठं सापडलं ते मला कळवावं.