वजन उतरतंय तोवर रिपोर्टशी भांडू नका

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, तीन महिन्यांत 11 किलो वजन कमी केलंय, फक्त खाण्यावर कंट्रोल ठेवून, गोळ्या वगैरे काही नाही. आधी टोटल कोलेस्टेरॉल 228 होतं, ट्रायग्लिसराइड 210, एचडीएल 40 आणि एलडीएल 146. परवा परत टेस्ट केली तर टोटल 210, ट्रायग्लिसराइड 120, एचडीएल 36 आणि एलडीएल चक्क 150! म्हणजे चांगलं ते कमी झालं आणि वाईट ते वाढलं, मग एवढं पोट मारलं कशासाठी? घरचे म्हणतायत सोड ते डाएट.

उत्तर: ताई, डाएट सोडायचं काही कारण नाही, आधी कागद-पेन घ्या. बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल थेट मोजत नाहीत, गणित करून काढतात, 1972 पासून चालत आलेला फ्रीडवाल्डचा फॉर्म्युला आहे, टोटलमधून एचडीएल वजा करायचं आणि ट्रायग्लिसराइडचा, म्हणजे रक्तातल्या चरबीचा, पाचवा हिस्सा वजा करायचा, कारण साधारण तेवढं कोलेस्टेरॉल तिच्यासोबत फिरतं असं धरतात. तुमचं आधीचं बघा, 228 वजा 40 वजा 42, आले 146. आताचं, 210 वजा 36 वजा 24, आले 150. म्हणजे ट्रायग्लिसराइडच्या गाडीतून फिरणारं कोलेस्टेरॉल 42 वरून 24 वर आलंय, 18 ची घट, आणि तुमचं टोटल कमी झालंय तेही बरोबर 18 नेच. एलडीएल वाढलंय 4 ने. एवढा फरक तर त्याच माणसाचं रक्त पुढच्या आठवड्यात परत काढलं तरी पडतो हो.

आता आत काय चाललंय ते सांगतो, कारण मला खरी मजा तिथेच वाटते. आपण समजतो कोलेस्टेरॉल खाण्यातून येतं, पण बरंचसं शरीर स्वतःच तयार करतं, आणि अंगावर जितकी जास्त चरबी तितकं हे उत्पादन जास्त, जास्तीच्या दर किलो चरबीमागे दिवसाला साधारण 20 मिलिग्रॅम. उतरलेले 11 किलो सगळे चरबीचेच नसतात, पाणी आणि थोडे स्नायूही जातात, पण 8 किलो चरबी गेली धरली तरी रोजचं 160 मिलिग्रॅम उत्पादन बंद झालं! मग रक्तात एवढी घट का दिसत नाही? कारण आतडं. पित्तातून रोज साधारण ग्रॅमभर कोलेस्टेरॉल आतड्यात येतं, खाण्यातून येतं त्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि त्यातलं निम्म्याच्या आसपास परत शोषलं जातं. लठ्ठ माणसात शोषण्याचं हे प्रमाण कमी असतं, वजन उतरलं की वाढतं. म्हणजे शरीर एका हाताने सोडतं आणि दुसऱ्या हाताने धरून ठेवतं. फिनलंडमध्ये मिएटिनेन आणि गिलिंग यांच्या गटाने टाइप 2 डायबेटिसच्या लोकांत हेच दाखवलं, रक्तात लॅथोस्टेरॉल मोजलं की उत्पादनाचा अंदाज येतो आणि कॅम्पेस्टेरॉल मोजलं की शोषणाचा, वजन उतरल्यावर पहिलं खाली जातं आणि दुसरं वर. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये यातलं काहीच दिसत नाही.

शिवाय चरबीची पेशी म्हणजे नुसतं तेलाचं पिंप नाही, तिच्यात कोलेस्टेरॉलही साठलेलं असतं. पेशी आकसायला लागली की तेही बाहेर पडतं, म्हणून वजन भराभर उतरत असताना एलडीएल काही काळ अडून बसतं, कधी थोडं चढतंही.

एचडीएलचं तर ठरलेलंच आहे. 1992 मध्ये बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून बघितले तेव्हा दिसलं की वजन उतरत असताना एचडीएल थोडं घसरतं आणि वजन एका जागी थांबलं की वर येतं, कमी झालेल्या दर किलोमागे सरासरी 0.35 ने. तुमच्या 11 किलोला जवळपास 4. एलडीएलची सरासरी घट त्याच हिशोबात दर किलो 0.8, म्हणजे तुमच्यासाठी 9 च्या आसपास, फार मोठी अपेक्षा ठेवू नका. मी स्वतः एकदा 9 किलो उतरवले होते आणि मधेच उत्साहाने टेस्ट करून बसलो, एचडीएल 34 बघून दोन दिवस तोंड पाडून फिरत होतो, डॉक्टर असून!

तर वजन स्थिर होऊ द्या, त्यानंतर दीड-दोन महिने जाऊ द्या आणि मग टेस्ट करा, शक्यतो त्याच लॅबमध्ये. एलडीएल 190 च्या वर असेल किंवा घरात कमी वयात हार्ट अटॅक झालेले असतील तर मात्र वाट बघत बसायचं नाही, लगेच दाखवायचं.

प्रश्न: मित्राने दोन महिन्यांत 20 किलो कमी केले आणि आता पित्ताशयात खडे निघालेत. डाएटमुळे खडे होतात का?

उत्तर: डाएटमुळे म्हणण्यापेक्षा घाईमुळे. वर सांगितलेलं सुटलेलं कोलेस्टेरॉल शेवटी पित्तातूनच बाहेर जातं, पित्त त्याने इतकं दाट होतं की ते विरघळून राहत नाही, खडे धरायला लागतात. त्यात लोक फॅट पूर्ण बंद करतात, आणि फॅट पोटात गेल्याशिवाय पित्ताशय नीट आकुंचन पावत नाही, म्हणजे दाट पित्त तिथेच साचून राहतं. आठवड्याला दीड किलोच्या वर वेग गेला की धोका चांगलाच वाढतो आणि मित्राचा वेग तर अडीचच्या आसपास होता. हळू उतरवा आणि जेवणात थोडं फॅट ठेवा.

प्रश्न: 15 किलो कमी झाले, कोलेस्टेरॉलची गोळी, स्टॅटिन, बंद करू का?

उत्तर: स्वतःच्या मनाने नाही. रिपोर्ट चांगला आलाय तो गोळी चालू असताना आलाय हे विसरू नका. स्टॅटिन शरीरातलं कोलेस्टेरॉलचं उत्पादन कमी करतं आणि वजन उतरल्याने तुमचं उत्पादन आधीच थोडं कमी झालंय, त्यामुळे डोस बदलायचा का किंवा शोषण अडवणारं एझेटिमाइब घ्यायचं का हे विचारायला हरकत नाही, पण ज्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिलीय त्यांनाच विचारा. आधी अटॅक किंवा स्टेंट झालेला असेल तर गोळी बहुतेक चालूच राहील.