स्त्रियांच्या आजारावर संशोधन करू पाहणाऱ्या तुला

प्रिय विद्यार्थिनीस,

तुझं पत्र वाचलं. एंडोमेट्रिऑसिसवर, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजारावर, पीएचडी करायची तुझी मनापासून इच्छा आहे, पण 'या विषयात पैसा नाही, पुढे अडकशील' असं सगळेच सांगतात. म्हणून विषय बदलावा का, असं तू विचारलं आहेस.

बदलू नकोस. पण पैसा कमी आहे हे खरंच आहे, तेव्हा आधी त्याचंच बोलू. या आजाराने जगात जवळपास १९ कोटी स्त्रिया आणि मुली त्रस्त आहेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. म्हणजे प्रजननवयातल्या दर दहाजणींमागे एक. निदान होईपर्यंत अनेकींची वर्षानुवर्षं जातात आणि आजार मुळात का होतो, याचं पक्कं उत्तर अजून कुणाकडे नाही. आता दुसरी बाजू बघ. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१३ ते २०२३ या काळात आपल्या संशोधन अनुदानातला जेमतेम ८.८ टक्के वाटा स्त्रियांच्या आरोग्यासाठी दिला आणि तोही वर्षागणिक घटत गेला. तिथल्याच विज्ञान अकादमींच्या समितीने २०२४ च्या अखेरीस हा हिशोब मांडला. मला याचा संताप येतो. तुलाही येऊ दे. फक्त अर्जात संताप चालत नाही, तिथे प्रश्न नेमके लागतात, आणि ते नेमके करायला मी तुला मदत करू शकते.

त्याआधी थोडा इतिहास, कारण पुढे तुला मिळणाऱ्या बऱ्याच नकारांची मुळं त्यात आहेत. थॅलिडोमाइड हे औषध गर्भावर काय परिणाम करतं, याची नीट तपासणी न करताच गरोदर स्त्रियांना दिलं गेलं. दहा हजारांहून अधिक मुलं जन्मतः व्यंग घेऊन आली. यातून घ्यायचा धडा सरळ होता: स्त्रियांना देण्याआधी औषध नीट तपासा. घेतला गेला तो उलटा. १९७७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मूल होऊ शकेल अशा सर्व स्त्रियांना चाचण्यांच्या सुरुवातीच्या टप्प्यांतून वगळण्याची सूचना काढली. गर्भनिरोधक वापरणाऱ्या, इतकंच काय, नवऱ्याची नसबंदी झालेल्या स्त्रियाही त्यात आल्या. ही सूचना १९९३ पर्यंत टिकली. औषधं मात्र बाजारात येत होती आणि स्त्रिया ती घेत होत्या. प्रयोग त्यांच्यावर होतच राहिला, फक्त त्याची नोंद कुणी ठेवत नव्हतं.

झोल्पिडेम या झोपेच्या गोळीचं उदाहरण तू पाठच ठेव. १९९२ मध्ये तिला अमेरिकेत मान्यता मिळाली. डोस दोघांनाही सारखाच, १० मिलिग्रॅम. पुढे लक्षात आलं की गोळी घेतल्यावर आठ तासांनीही, गाडी चालवणं धोक्याचं ठरेल इतकं औषध सुमारे १५ टक्के स्त्रियांच्या रक्तात शिल्लक असतं, पुरुषांत हे प्रमाण ३ टक्के. २०१३ मध्ये स्त्रियांचा डोस निम्मा झाला. मधल्या सुमारे वीस वर्षांत किती जणी सकाळी तशाच गाडीत बसल्या असतील, या विचाराने मी आजही अस्वस्थ होते.

आता तुझ्या आराखड्याविषयी, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. वेदना किंवा दाहावरच्या अभ्यासांत पुरुषही असतील, तिथे चाचणीत निम्म्या स्त्रिया घेतल्या म्हणजे काम झालं, असं समजू नकोस. सगळ्यांची सरासरी काढून एकच आकडा छापला, तर त्या स्त्रिया असूनही दिसत नाहीत. उलट चूकही तितकीच सर्रास होते: पुरुषांत फरक सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय (निव्वळ योगायोगाचा वाटू नये इतका) आला, स्त्रियांत आला नाही, म्हणून 'औषध स्त्रियांना लागू पडत नाही' असा निष्कर्ष काढायचा. हे चूक आहे. दोन्ही गटांतल्या परिणामांची एकमेकांशी थेट तुलना करावी लागते. सांख्यिकीत त्याला आंतरक्रियेची चाचणी म्हणतात. ती महाग पडते. दोन गटांतला फरक, म्हणजेच आंतरक्रिया, मूळ परिणामाएवढीच असेल आणि ती पकडायची असेल, तर नमुनासंख्या, म्हणजे चाचणीतल्या लोकांची संख्या, साधारण चौपट लागते. म्हणून तुला नक्की काय विचारायचं आहे ते आधी ठरव. केवळ दोन्ही लिंगांचा समावेश हवा असेल तर खर्च फारसा वाढत नाही. फरक सिद्ध करायचा असेल तर वाढतो, आणि तो आकडा सुरुवातीलाच मांडावा लागतो. सांख्यिकी शिकताना आळस करू नकोस, माझी कळकळीची विनंती आहे.

प्राण्यांवर प्रयोग करणार असशील तर 'मादीच्या ऋतुचक्रामुळे निकाल विस्कळीत होतात' हे ऐकावं लागेलच. २०१४ मध्ये उंदरांवरच्या २९३ शोधनिबंधांचा आढावा घेतला गेला. मादी नरांपेक्षा जास्त अस्थिर असतात, असं त्यात आढळलं नाही. तो आढावा जवळ ठेव आणि शांतपणे पुढे कर.

इथिक्स कमिटी 'सुरक्षेसाठी' कुणाला वगळा म्हणाली, तर विचार: औषध बाजारात आल्यावर हीच स्त्री ते घेणार आहे ना? मग तिची सुरक्षा कुठे जास्त, देखरेखीखाली की देखरेखीविना? हे केवळ बोलण्यापुरतं नाही. एचआयव्ही रोखणाऱ्या लेनाकापाविर या इंजेक्शनची चाचणी दक्षिण आफ्रिका आणि युगांडात तरुण मुली व स्त्रियांवर झाली. गरोदर राहिलेल्यांनाही संमतीने त्यात राहता आलं. २०२४ मध्ये निकाल आला: इंजेक्शन घेतलेल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही संसर्ग झाला नव्हता. त्याआधी २०१९ मध्ये याच कामासाठी दुसऱ्या एका गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली, तेव्हा योनीमार्गे होणाऱ्या संसर्गाचा धोका असलेल्यांना वगळावं लागलं होतं, कारण त्यांच्यावर चाचणीच केली नव्हती.

निधीसाठी एकाच दारावर अवलंबून राहू नकोस. वेदना, प्रतिकारशक्ती, दाह यांवर काम करणाऱ्या गटांकडेही तुझा विषय घेऊन जा. एंडोमेट्रिऑसिस हा फक्त गर्भाशयाचा प्रश्न नाही आणि ही गोष्ट तुझ्या फायद्याची आहे. लिंगनिहाय विश्लेषणाचा खर्च मात्र परिशिष्टात लपवू नकोस. मुख्य अंदाजपत्रकात त्याची वेगळी ओळ असू दे. पैसे कापायची वेळ आली तर निदान काय कापलं जातंय ते कापणाऱ्याला दिसेल आणि तुला त्यावर भांडता येईल.

मसुदा तयार झाला की पाठव. नमुनासंख्येचं गणित आणि खर्चाचं पान आधी पाठव, प्रस्तावना नंतर वाचेन.

तुझी,
मार्गदर्शक